घडीचा पडदा आणि अजिंठ्याच्या जपानी नकला

जपानमध्ये ‘ब्योबु’ या नावाने ओळखला जाणारा घडीचा पडदा मुळात दालनातील वारा अडवण्यासाठी आणि जागेचे भाग पाडण्यासाठी वापरला जात असे. लाकडी जाळीवर कागदाचे थर चिकटवून केलेली त्याची पाने पूर्वी चामड्याच्या पट्ट्यांनी किंवा रेशमी दोऱ्यांनी बांधत, त्यामुळे प्रत्येक पानाला स्वतंत्र चौकट आणि स्वतंत्र चित्र असे. चौदाव्या शतकाच्या सुमारास कागदी बिजागरी रूढ झाली, मधल्या चौकटी गळाल्या आणि सहा पानांवर, कित्येकदा जोडीच्या बारा पानांवर, एकच चित्र सलग मांडणे शक्य झाले. ही कला महाराष्ट्राच्या किनाऱ्याजवळून एकदा फार लवकर गेली होती, कारण जपानी सरदार ओदा नोबुनागा याने जेझुइट धर्मगुरू वालिन्यानो यांना दिलेले आझुची किल्ल्याचे पडदे 1582 मध्ये गोव्यामार्गे रोमकडे निघाले आणि 1585 मध्ये पोपला अर्पण झाल्यावर पुढे नाहीसे झाले. त्यांचा या प्रदेशावर काही ठसा उमटला असे म्हणता येत नाही. ठसा उमटला तो सव्वातीनशे वर्षांनंतर, आणि तोही मूळ पडद्यामुळे नव्हे, तर एका पडद्याच्या हाताने रंगवलेल्या नकलेमुळे.

1916 मध्ये रवींद्रनाथ ठाकूर जपानला गेले असता योकोहामा येथे रेशमाचे व्यापारी हारा तोमितारो यांच्या ‘सांकेइएन’ या उद्यानगृहात उतरले होते. तेथे शिमोमुरा कान्झान यांनी आदल्याच वर्षी पूर्ण केलेला ‘योरोबोशी’ हा पडदा त्यांच्या दृष्टीस पडला. सहा-सहा पानांच्या या जोडीत सोनेरी भूमीवर पसरलेल्या प्लमच्या फांद्या, त्यांच्याखाली हात जोडून उभा असलेला शुन्तोकुमारु हा अंध युवक आणि दूर दुसऱ्या टोकाला बुडणारा सूर्य एवढाच विषय आहे. नोह या जपानी नाट्यप्रकारातील एका प्रसंगावर तो बेतलेला आहे. रवींद्रनाथांनी त्याची नक्कल मागितली, ती काम्पो आराई या चित्रकाराने केली, आणि त्याच ओळखीतून त्याला कलकत्त्यातील जोडासाँको येथील ‘विचित्रा’ या कलामंडळात शिकवण्याचे निमंत्रण मिळाले.

आराई हा नकलेच्या कामात मुरलेला माणूस होता. ओकाकुरा काकुझो यांच्या पुढाकाराने 1889 मध्ये निघालेल्या ‘कोक्का’ या कलाविषयक मासिकात जुन्या चित्रांच्या छपाईसाठी ज्या अचूक प्रती लागत, त्या तो करीत असे. जपानी परंपरेत नक्कल हे दुय्यम काम मानले जात नाही. शिष्याचे शिक्षण आणि जीर्ण चित्राची जपणूक ही दोन्ही कामे तीच करते. तिची एक रूढ पद्धत अशी, की पातळ कागद मूळ चित्रावर ठेवून त्याचे एक टोक गुंडाळायचे, ते वर-खाली सरकवीत खालची रेघ डोळ्यांत साठवायची आणि ती विरण्याआधी कुंचल्याने उमटवायची. कागद किंवा रेशीम आधी सरस आणि तुरटीच्या पाण्याने माखतात, म्हणजे रंग पसरत नाही. रंग म्हणजे खलून वस्त्रगाळ केलेले निळे-हिरवे खनिज, शिंपल्यांची पांढरी भुकटी आणि त्यांना धरून ठेवणारा सरस. चित्रासाठीचे हे रेशीम तुतीच्या पाल्यावर पोसलेल्या किड्यांचे असते. याउलट भंडारा जिल्ह्यातील आंधळगाव-मोहाडी भागात विणला जाणारा कोसा ऐन आणि अर्जुन या झाडांवर वाढणाऱ्या कोशांचा, अंगचाच मधाळ रंगाचा आणि सुताने खडबडीत; साडीला शोभा देणारा हाच गुण चित्राची भूमी म्हणून मात्र अडसर ठरला असता.

आराई पुढे अजिंठ्याच्या भिंतींची नक्कल करायला गेला, पण अजिंठ्याच्या नकलांचा इतिहास तोवर दोनदा आगीत सापडला होता. मद्रास लष्करातील मेजर रॉबर्ट गिल याने 1844 पासून लेण्यांत राहून केलेली तैलचित्रे 1866 च्या डिसेंबरात लंडनजवळच्या क्रिस्टल पॅलेसमध्ये जवळजवळ सर्वच जळाली. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टचे जॉन ग्रिफिथ्स आणि पेस्तनजी बोमनजी यांच्यासारखे त्यांचे विद्यार्थी यांनी 1872 ते 1885 या काळात पुन्हा तेच काम केले, आणि 1885 मध्येच त्यातील बराच भाग साउथ केन्सिंग्टनच्या आगीत गेला. 1909 ते 1911 या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्या हाताखाली नंदलाल बसू, असितकुमार हालदार, सय्यद अहमद आदींनी केलेल्या प्रती मात्र बचावल्या.

आराई आणि त्याचे जपानी सहकारी 1917-18 च्या हिवाळ्यात निजामाच्या राज्यातील या लेण्यांत आले ते ‘कोक्का’च्या वतीने, आणि त्यामागे एक अभ्यासाचा प्रश्न होता: नारा येथील होर्युजी मंदिराच्या भिंतीवरील बोधिसत्त्व आणि पहिल्या लेण्यातील पद्मपाणी यांचे नाते कोणते? या प्रश्नाला चित्रकाराचा हात जसा भिडतो तसे नुसते वर्णन भिडत नाही. अजिंठ्याचा गिलावा माती, शेण आणि भाताच्या तुसांचा, त्यावर पांढरा पातळ लेप, आणि कोरड्या भूमीवर गेरू, काजळ, हिरवी माती व अफगाणिस्तानातून येणारा लाजवर्द सरसात कालवून लावलेला. म्हणजे तैलरंगांत काम करणाऱ्या गिलपेक्षा सरस-खनिजाच्या सवयीचा जपानी कारागीर या भिंतींच्या कितीतरी जवळचा होता. गिलच्या नकलांत छायाप्रकाशाचा युरोपीय भार का जाणवतो, याचे बरेचसे उत्तर त्या माध्यमातच आहे.

आराई आणि त्याच्या सहकाऱ्यांनी केलेल्या प्रती तोक्योच्या शाही विद्यापीठात ठेवल्या गेल्या आणि 1 सप्टेंबर 1923 च्या भूकंपानंतर लागलेल्या आगीत भस्मसात झाल्या. त्या सहकाऱ्यांपैकी नोसु कोसेत्सु याने पुढे 1932 ते 1936 या काळात सारनाथच्या मूलगंधकुटी विहाराच्या भिंतींवर बुद्धचरित्र रंगवले, आणि त्यात अजिंठ्याचा अभ्यास मुरलेला आहे. मूळ भिंतींची कथा वेगळी: ग्रिफिथ्स यांच्या काळात चित्रांवर वॉर्निश चढले, 1920 नंतर निजाम सरकारने बोलावलेल्या इटालियन तज्ज्ञांनी पुन्हा लाखेचा लेप दिला, आणि हे थर पिवळे पडत गेल्याने निळे-हिरवे रंग झाकोळले. म्हणून वाचलेल्या जुन्या नकलांकडे आज अभ्यासक शोभेची चित्रे म्हणून नव्हे, तर वॉर्निशाखालच्या रंगांचा पुरावा म्हणून पाहतात.