मूळव्याध म्हणून झाकलेली चीर

आम्ही आसेगावच्या गटातल्या बायका आज अशा दुखण्याचा इतिहास सांगणार आहोत, ज्याचं नाव आपण सासूजवळ काढत नाही, नवऱ्याजवळ काढत नाही आणि डॉक्टरजवळ तर नाहीच नाही. शौचाच्या जागेला पडलेली चीर. डॉक्टर तिला फिशर म्हणतात. आपल्याकडं तिला वेगळं नावच उरलेलं नाही. त्या जागी रक्त पडो, पू येवो, आग होवो, सगळ्याला एकच शब्द: मूळव्याध.

पण ही दुखणी तीन आहेत. मूळव्याधीत आतल्या रक्ताच्या शिरा फुगतात. रक्त पडतं, पण बहुतेक वेळा फार दुखत नाही. भगंदरात आतून बाहेर नळीसारखी वाट तयार होते आणि पू येत राहतो. फिशर म्हणजे साधी भेग, जशी टाचेला पडते तशी. शौचाला बसलं की ब्लेड फिरवल्यासारखं होतं, आणि मग तासन्‌तास आग. भेग जुनी झाली की तिच्या टोकाशी कातडीचा छोटा कोंब येतो. हाताला तो लागला की बाई म्हणते, मोड आला, म्हणजे मूळव्याधच. इथूनच चुकीचा इलाज सुरू होतो.

आपल्या जुन्या वैद्यांना मात्र हा फरक माहीत होता. त्यांनी या दुखण्याला परिकर्तिका म्हटलं. ज्या धातूपासून आपली कात्री आली, त्याच धातूपासून हा शब्द आला. चहूकडून कातरल्यासारखी वेदना. ज्यानं नाव ठेवलं, त्यानं दुखणाऱ्या माणसाचं ऐकलं असणार, असं आम्हाला वाटतं. काश्यपसंहिता नावाचा बायका-पोरांच्या आजारांवरचा जुना ग्रंथ आहे. त्याची अपुरी पोथी नेपाळात सापडली आणि १९३८ साली मुंबईच्या निर्णयसागर छापखान्यात ती छापली गेली. त्या ग्रंथात गरोदर बाईला होणारी परिकर्तिका वेगळी सांगितली आहे, तिचे प्रकार आणि उपचारही. म्हणजे पोटुशी बाईला हा त्रास होतो, हे शेकडो वर्षांपूर्वी कुणीतरी लिहून ठेवलं होतं. आणि आज आपल्यातली पोटुशी बाई समजते, हे आपल्या एकटीलाच झालं.

मग मधल्या काळात बायकांनी हे सांगितलं कुणाला? सांगायला बाई डॉक्टरच नव्हती. आनंदीबाई जोशी अमेरिकेला निघाल्या, त्याआधी १८८३ च्या फेब्रुवारीत बंगालमध्ये सेरामपूरला त्यांनी भाषण केलं. परक्या पुरुषाला शरीर दाखवायला बाईला संकोच वाटतो, म्हणून या देशाला बायका डॉक्टर हव्यात, असं त्यांचं म्हणणं होतं. १८८६ मध्ये त्या डॉक्टर झाल्या आणि पुढच्याच वर्षी क्षयानं गेल्या. वय एकवीस. १८८५ मध्ये व्हाइसरॉयच्या पत्नी लेडी डफरीन यांनी बायकांच्या दवाखान्यांसाठी फंड काढला. अमरावतीच्या स्त्री रुग्णालयाला लोक अजून डफरीनच म्हणतात, अकोल्याच्या रुग्णालयाला लेडी हार्डिंग. आपलं वाशीम १९०५ पासून १९९८ पर्यंत अकोला जिल्ह्यात होतं, त्यामुळं बाई अडली की गाडी अकोल्याच्या दिशेनं जायची. पण जायची ती बाळंतपणासाठी. मूल झालं, घरी आलो, आणि बाळंतपणानंतर पडलेली चीर पदराखालीच राहिली.

तिकडे युरोपात याच दुखण्यावर सुऱ्या चालत होत्या. नेपोलियन बादशहाचे एक शस्त्रवैद्य होते, बॉयर नावाचे. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला त्यांनी एक गोष्ट ओळखली: भेग भरत नाही, कारण तिच्याभोवतीचा स्नायू आवळलेला असतो. ही या सगळ्या इतिहासाची किल्ली आहे, म्हणून जरा थांबून सांगतो. आपल्या गुदद्वाराला दोन स्नायू असतात. बाहेरचा आपल्या ताब्यात असतो. आतला आपोआप चालतो, त्याला आपण हुकूम देऊ शकत नाही. भेग दुखली की हा आतला स्नायू घट्ट होतो. घट्ट झाला की तिथं रक्त कमी पोचतं, आणि रक्त नाही तर जखम भरत नाही. दुखेल या भीतीनं बाई शौचाला जाणं टाळते, मळ कडक होतो, आणि तीच भेग पुन्हा फाटते. रहाटगाडगं नुसतं. सहा ते आठ आठवडे असं चाललं की भेग जुनी झाली, असं डॉक्टर म्हणतात.

बॉयरनी तो स्नायूच कापला. काहींनी बोटांनी ताणून ढिला केला. दोन्हींत धोका होता: स्नायू जास्त सैल झाला तर वारा किंवा मळ रोखता येत नाही. १९५० च्या दशकात दक्षिण आफ्रिकेतल्या आयझेनहॅमर नावाच्या सर्जननी आतला स्नायूच तेवढा, मोजका कापायची रीत मांडली. पुढं तो बाजूनं कापू लागले. आजही ऑपरेशन होतं ते याच तऱ्हेचं. गुण चांगला येतो, पण धोका थोडा उरतोच, आणि ज्यांची बाळंतपणं अवघड झाली त्या बाईला तो जास्त. म्हणून ऑपरेशनआधी आपली बाळंतपणं कशी झाली, टाके पडले होते का, हे डॉक्टरला आपणहून सांगायचं.

आता गंमत ऐका. सुरी टाळायची वाट निघाली ती सुरुंगाच्या दारूतून. डायनामाइटमध्ये नायट्रोग्लिसरीन असतं. ते बनवणाऱ्या कारखान्यांत कामगारांचं डोकं ठणकायचं, कारण त्यानं रक्तवाहिन्या सैल होतात. हे ओळखून डॉक्टरांनी १८७० च्या दशकात ते छातीच्या दुखण्यावर वापरलं. शंभरेक वर्षांनी शास्त्रज्ञांना कळलं की त्यातून निघणारा नायट्रिक ऑक्साइड आपल्या शरीरातही स्नायू सैल करतो. मग तो गुदद्वाराचा हट्टी स्नायूही सैल करील का? १९९७ मध्ये इंग्लंडमधल्या नॉटिंगहॅमच्या डॉक्टरांनी याचं उत्तर छापलं. मलम लावलेल्या दर तिघांतल्या दोघांची जुनी भेग आठ आठवड्यांत भरली. ज्यांना नुसतं साधं मलम दिलं, त्यांच्यात बारांत एखाद्याची. पुढच्या अभ्यासांत हा फरक इतका मोठा राहिला नाही, आणि मलमानं डोकं दुखतं ही तक्रार राहिलीच. म्हणून आता बरेच डॉक्टर डिल्टियाझेमचं मलम देतात. काम तेच, डोकेदुखी कमी. मात्र हे मलम सांगितलेल्या वेळी, सांगितलेले आठवडे लावायचं. चार दिवसांत बरं वाटलं म्हणून सोडायचं नाही. पोटात बाळ असेल किंवा अंगावर पाजत असाल, तर डॉक्टरला आधी सांगायचं.

मलमाचा इतिहास झाला. आमच्या मते आपला खरा इतिहास मात्र हागणदारीचा आहे. गावात संडास नव्हते तेव्हा बाई पहाटेच्या अंधारात जायची, नाहीतर दिवस मावळल्यावर. मधे कळ आली तर दाबायची. रस्त्यावर कुणाची गाडी आली की अर्ध्यातून उठून उभी राहायची. पुन्हा जावं लागू नये म्हणून पाणीही कमी प्यायची. मळ कडक करायचा याहून पक्का मार्ग नाही. शेजारच्या अमरावती जिल्ह्यातले गाडगेबाबा हातात खराटा घेऊन गावोगाव फिरले, त्यांच्या नावानं राज्यात २००० पासून ग्रामस्वच्छता अभियान चाललं, २०१४ नंतर घरोघरी संडास बांधले गेले. तरी निंदणाला, सोयाबीन सोंगायला गेलेल्या बाईला वावरात आजही आडोसा नसतो. ती अजूनही कळ दाबते.

दुसरं ताटाचं. ज्वारीची भाकर, तुरीचं वरण, अंबाडी, तरोटा, चिवळ, हे आपल्या आज्यांचं जेवण होतं. आता सोयाबीन आलं, ज्वारीचा पेरा घटला, ताटात रेशनचा गहू-तांदूळ आणि चहासोबत बिस्किट. चोथा गेला. त्यात गरोदरपणात लोहाच्या गोळ्या. त्यांनी शौच काळी आणि कडक होते. पण गोळ्या बंद करू नका बरं. पाणी आणि पालेभाजी वाढवा, त्रास झाला तर आशाताईला सांगा, गोळी बदलून मिळू शकते.

नवी भेग पुष्कळदा एवढ्यानंच भरते: दिवसभर भरपूर पाणी, रात्री इसबगोल (त्यावर मात्र पेलाभर पाणी हवंच), शौचानंतर टबात किंवा घमेल्यात कोमट पाणी घेऊन दहा-पंधरा मिनिटं बसणं, कळ आली की उठणं, आणि कुंथणं बंद. तीन-चार आठवड्यांत फरक नाही पडला तर डॉक्टर. बसस्टँडजवळ 'शर्तिया इलाज' अशी पाटी लावून बसलेल्याकडं जाऊन जाळणारं औषध किंवा सुई घेऊ नका. भेगेच्या जागी मोठी जखम होऊन बसते. रक्त काळं पडत असेल, मळात मिसळून येत असेल, ताप किंवा पू असेल, वजन उतरत असेल किंवा चाळिशीनंतर पहिल्यांदाच रक्त दिसलं असेल, तर तीन आठवडेही थांबू नका.

अकोल्याला सरकारी मेडिकल कॉलेज २००२ पासून आहे, वाशीमला २०२४ पासून. तिथं बाई डॉक्टर मागता येते, आणि तपासताना आपली बाई सोबत असू द्या, असं म्हणता येतं. तोंडातून शब्द निघत नसेल तर इतकंच म्हणा: शौचाच्या जागी चीर आहे, इतक्या आठवड्यांपासून. पुढचं ते विचारतील.