२१४७४८३६४७ (संख्या)

२,१४,७४,८३,६४७ (दोन अब्ज चौदा कोटी चौऱ्याहत्तर लक्ष त्र्याऐंशी हजार सहाशे सत्तेचाळीस) ही एक मूळ संख्या आहे. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केल्यास ती मिळते. २ च्या एखाद्या घातापेक्षा १ ने लहान असलेल्या मूळ संख्यांना फ्रेंच गणिती मेर्सेन यांच्या नावावरून 'मेर्सेन मूळ संख्या' म्हणतात. प्रस्तुत संख्या त्यांपैकी आठवी होय.

मूळत्वाची सिद्धता

मेर्सेन यांच्या १६४४ च्या यादीत ३१ हा घातांक होता. परंतु त्याच यादीतील ६७ व २५७ हे घातांक पुढे चुकीचे ठरले. त्यामुळे स्वतंत्र सिद्धता आवश्यक होती. ती लिओनार्ड ऑयलर यांनी दिली व १७७२ मध्ये बर्नुली यांना पत्राने कळविली.

मूळत्व तपासण्यासाठी वर्गमूळापर्यंतच्या मूळ संख्यांनी भागून पाहणे पुरेसे असते. येथे वर्गमूळ ४६,३४१ पेक्षा किंचित कमी असून तेथवर सुमारे ४,८०० मूळ संख्या आहेत. ऑयलर यांनी दाखविले की, या संख्येच्या कोणत्याही मूळ विभाजकास २४८ ने भागल्यास बाकी १ किंवा ६३ च उरली पाहिजे. त्यामुळे ६३ हा भाज्य विभाजक वगळता केवळ ३७२ संख्या तपासावयाच्या उरतात. त्यांपैकी एकीनेही निःशेष भाग जात नाही.

गुणधर्म

* द्विमान पद्धतीत ही संख्या सलग ३१ एककांनी लिहिली जाते.
* तिचा घातांक ३१ हाही मेर्सेन मूळ संख्या आहे. अशा 'द्विमेर्सेन' मूळ संख्या आजवर चारच ज्ञात आहेत: ७, १२७, प्रस्तुत संख्या आणि २ च्या १२७ व्या घातापेक्षा १ ने लहान असलेली संख्या.
* तिला २ च्या ३० व्या घाताने गुणल्यास २३०५८४३००८१३९९५२१२८ ही आठवी परिपूर्ण संख्या मिळते. परिपूर्ण संख्येच्या स्वतःखेरीज सर्व विभाजकांची बेरीज त्या संख्येइतकीच असते.

उपयोग

इंग्लिश गणिती पीटर बार्लो यांनी १८११ मध्ये असे मत मांडले की, अशा परिपूर्ण संख्या केवळ कुतूहलाच्या, निरुपयोगी असल्याने याहून मोठी संख्या शोधण्याच्या खटपटीत कोणी पडणार नाही. हे मत टिकले नाही. १८७६ मध्ये एदुआर ल्यूका यांनी १२७ या घातांकाची मेर्सेन संख्या मूळ असल्याचे सिद्ध केले.

संगणकात ३२ बिटांच्या चिन्हांकित पूर्णांकाची कमाल मर्यादा हीच संख्या आहे. या मर्यादेशी तिच्या मूळत्वाचा संबंध नाही. १ जानेवारी १९७० पासूनचे सेकंद अशा पूर्णांकात मोजणाऱ्या प्रणालींची गणना १९ जानेवारी २०३८ रोजी, भारतीय वेळेनुसार सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे ७ सेकंदांनी, संपुष्टात येईल.

यादृच्छिक संख्यांच्या निर्मितीत मात्र मूळत्वच कामी येते. १ पासून आरंभ करून प्रत्येक वेळी १६,८०७ ने गुणावे व गुणाकारास या संख्येने भागून उरलेली बाकी पुढे घ्यावी. असे केल्यास तिच्याहून लहान प्रत्येक धन पूर्णांक एकेकदा आल्यानंतरच क्रम पुन्हा सुरू होतो.