भोक आत, पाणी बाहेर

औंढ्याच्या घरावरची फायबरची पाण्याची टाकी गेल्या पावसाळ्यात गळायला लागली. ओल दिसली तिथे मी बाहेरून दोनदा ठिगळ लावलं.. पाणी वीतभर पलीकडून पुन्हा सुरू! शेवटी लोणावळ्याहून कारागीर आला. टाकीत उतरला, आतून घासलं, काचेचं कापड आणि रेझिन चढवलं. म्हणाला, "साहेब, भोक आत असतं, पाणी बाहेर दिसतं."

मला एकदम विमानं आठवली. घरी बांधलेली! आपल्याकडे ती विरळाच. कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत गच्चीवर बांधलेलं विमान २०१६ साली 'मेक इन इंडिया'त लोकांनी पाहिलं, २०१७ साली त्याची नोंदणी झाली. अमेरिकेत मात्र हा हजारो लोकांचा छंद आहे.

फायबरग्लासचं पहिलं ग्लायडर, 'फिनिक्स', १९५७ साली जर्मनीत उडालं. पण गॅरेजमध्ये साचे कोण बनवणार? १९७५ साली बर्ट रुटानने 'व्हेरीईझ' उडवून साचाच काढून टाकला: फोमचा ठोकळा तापलेल्या तारेने कापा, त्यावर काचेचं कापड आणि इपॉक्सी चढवा, झाला पंख. १९७९ च्या 'लाँग-ईझी'त पंखाच्या मुळाशी असलेल्या पोकळीतच पेट्रोल. वेगळी टाकी नाहीच, विमानाचं अंगच टाकी! त्याच्याच 'व्हॉयेजर'ने १९८६ साली असल्या १७ टाक्यांच्या जोरावर, वाटेत इंधन न भरता ९ दिवसांत जगप्रदक्षिणा केली.

पण अंगच टाकी असेल तर ती काढून नवी बसवता येत नाही. त्यात पंखातला फोम म्हणजे थर्मोकोलचा सख्खा भाऊ, पेट्रोलमध्ये विरघळणारा. म्हणून टाकीच्या भिंतींना पेट्रोल सोसणारा वेगळा फोम वापरतात. तरीही सांध्यातल्या सुईएवढ्या भोकातून पेट्रोल पंखापर्यंत झिरपलं तर पंख आतून पोकळ होऊ शकतो, आणि बाहेरून काही कळत नाही.

दुरुस्ती सोपी, पण सोशिकपणाची. टाकी रिकामी करून वारा द्यायचा. तोंडं बंद करून एका नळीला फुगा बांधायचा, म्हणजे दाब बेताचाच राहतो. हवा भरून साबणाचं पाणी लावलं की बुडबुडे दिसतात. मग भिंत कापून आत शिरायचं, घासायचं, नवे थर द्यायचे. भोक अगदी बारीक असेल तर आतून किंचित हवा ओढून पातळ इपॉक्सी बाहेरून भोकात शोषू द्यायचं. आत रंगासारखं काहीतरी ओतून घोळवायची पळवाटही आहे. पण असे काही जुने लेप अल्कोहोलने सुटले, आणि पापुद्रे फिल्टरमध्ये अडकले की इंजिन हवेतच बंद!

अल्कोहोल आलं कुठून? २००४ साली न्यूयॉर्क आणि कनेटिकटमध्ये पेट्रोलमधलं जुनं मिश्रण बंद होऊन इथेनॉल आलं, आणि जुन्या बोटींच्या फायबर टाक्या मऊ पडायला लागल्या. त्या पॉलिएस्टर रेझिनच्या होत्या. टाकी तीच, पेट्रोल बदललं. आपल्याकडेही २०२३ पासून २० टक्के इथेनॉलचं पेट्रोल आलंय. कोणतं रेझिन वापरलं ते ३० वर्षांनी कोण सांगणार? बांधणाऱ्याची वही. तीच नसेल तर दुरुस्ती म्हणजे अंदाजपंचे.

असो. मी टाकीच्या झाकणावर मार्करने तारीख आणि रेझिनचं नाव लिहून ठेवलंय. गळती पुन्हा होईलच, तेव्हा चढणारा कदाचित मी नसेन.