शाहीर आणि त्याचे श्रोते

सभेला माणसे जमविणे आणि जमलेली माणसे टिकविणे, ही दोन निराळी कामे आहेत. कामगार चळवळीत ज्यांची वर्षे गेली त्या आम्हां मंडळींस हा फरक रोज जाणवतो. पत्रके वाटली की गर्दी होते. पण पुढल्या महिन्यात वर्गणी द्यावयास तीच माणसे येतील, असा भरवसा नसतो. म्हणूनच १९४४ साली मुंबईत निघालेल्या लाल बावटा कलापथकाचा इतिहास आम्हांस नुसता कलेचा इतिहास वाटत नाही. अण्णा भाऊ साठे, अमर शेख आणि द. ना. गवाणकर या शाहिरांनी श्रोते जोडले कसे, आणि ते टिकले का, एवढेच येथे पाहावयाचे आहे.

हे शाहीर श्रोत्यांमधूनच आलेले होते. अण्णा भाऊंचा जन्म १९२० साली वाटेगावचा. शाळेशी त्यांचा संबंध जेमतेम दीड दिवसाचा. लहानपणी ते आईबापांबरोबर पायी मुंबईस आले आणि दुकानांच्या पाट्या व भिंतीवरची पत्रके वाचीत अक्षरे शिकले. गिरणीत त्यांनी काम केले, राहिले ते घाटकोपरच्या चिरागनगरात. अमर शेख बार्शीचे. त्यांनीही गिरणीची नोकरी आणि संपापायी तुरुंग, दोन्ही पाहिले होते. पण जन्म श्रमिकांत झाला म्हणजे श्रोते आपोआप बांधले जातात, असे नाही. कामगारांतून वर आलेले आणि कामगारांस विसरलेले पुढारी आपण पाहिलेच आहेत.

खरे काम झाले ते पुढेच. गिरणगावातला कामगार कोकणातून आणि घाटावरून आलेला. तमाशाची ढोलकी आणि पोवाड्याचा डफ त्याच्या ओळखीचा. अण्णा भाऊंनी तोच तमाशा घेतला, पण गणात गणपतीऐवजी भूमीला आणि श्रमणाऱ्या माणसाला वंदन केले. गवळण गाळली. वगात राजाच्या जागी शेटजी, सावकार आणि निवडणुकीचा उमेदवार आला. ‘शेटजींचे इलेक्शन’, ‘माझी मुंबई’ ही नावेच विषय सांगतात. सोंगाड्याच्या तोंडी श्रोत्याच्या मनातला प्रश्न आला. आपण जे चाळीत कुजबुजतो ते हा माणूस उघड्या मैदानात, आपल्याच बोलीत, नाव घेऊन बोलतो आहे, हे कळताच श्रोता नुसता बघ्या राहिला नाही.

संयुक्त महाराष्ट्राच्या लढ्यातली ‘माझी मैना’ ही छक्कड याचे उत्तम उदाहरण. गिरणी कामगारांपैकी पुष्कळांची बायकामुले गावी आणि ते स्वतः खोलीत दहाबारा जणांत राहून खानावळीत जेवणारे. गावी राहिलेल्या बायकोची आठवण ही त्यांची रोजची व्यथा होती. अण्णा भाऊंनी त्या व्यथेवरूनच बेळगाव, कारवारसारख्या दुरावलेल्या मुलखाची गोष्ट सांगितली. भाषावार प्रांतरचनेवर व्याख्यान देऊन जे समजावयास तासभर लागला असता, ते कामगारास घरच्या दुःखावरून उमगले.

नात्याची परीक्षाही झाली. १९४७ नंतर मुंबई सरकारने तमाशावर बंदी घातली आणि कलापथकाच्या कार्यक्रमांवरही गदा आली. तमाशाचे ‘लोकनाट्य’ झाले आणि श्रोते त्याच्यामागून आले. २१ नोव्हेंबर १९५५ रोजी फ्लोरा फाउंटनपाशी गोळीबार झाल्यानंतरही सभा ओस पडल्या नाहीत. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य झाले, त्यात पुढाऱ्यांबरोबर या डफाचाही वाटा आहे, असे आमचे मत आहे.

मात्र या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ‘फकिरा’ कादंबरीस राज्य पुरस्कार मिळविणाऱ्या अण्णा भाऊंचे अखेरचे दिवस गोरेगावात हलाखीत गेले. १८ जुलै १९६९ रोजी ते वारले. सहा आठवड्यांनी, २९ ऑगस्टला, अमर शेख अपघातात गेले. श्रोत्यांचे प्रेम खोटे नव्हते. परंतु त्या प्रेमातून शाहिराच्या भाकरीची सोय झाली नाही. टाळ्या देणारे हात हजारो असले, तरी आजारात औषध कोणी आणावयाचे हे ठरलेले नसले की माणूस एकटाच पडतो. संघटनेचा जन्मच या अनुभवातून होत असतो.

१८ जानेवारी १९८२ पासूनच्या संपानंतर गिरण्या एकामागून एक बंद पडल्या, चाळींच्या जागी मनोरे आले, तो श्रोतृवर्ग पांगला. तरीही १ ऑगस्टला वस्त्यावस्त्यांत अण्णा भाऊंची जयंती होते. २०२२ साली मॉस्कोत त्यांचा पुतळा उभा राहिला. पुतळ्याचा आनंद आम्हांसही आहे. परंतु आज आपल्या गावात जो कोणी डफ घेऊन आपल्या मनातले बोलत असेल, त्याच्या घरी चूल पेटते की नाही, ही चौकशी जयंतीपूर्वी व्हावी. शाहिराने श्रोत्यांशी मोकळेपणाने बोलावे, ही अपेक्षा रास्तच आहे. त्याच मोकळेपणाने श्रोत्यांनीही त्याचे दार ठोठावले पाहिजे.