जोड बाबागाडी

जोड बाबागाडी : दोन लहान मुलांना एकाच वेळी फिरवण्याची ढकलगाडी. बैठका शेजारी-शेजारी किंवा मागे-पुढे असतात. शेजारी-शेजारी बैठकांची गाडी जुळ्यांना बरी, दोघांनाही समोरचे सारखेच दिसते. पण तिची रुंदी साधारण ७५ सेंमी. भरते, म्हणून आधी घराचा दरवाजा मोजावा. मागे-पुढे बैठकांची गाडी अरुंद, मात्र लांब. वळवताना आणि पायरी चढवताना जड जाते. मान न धरणाऱ्या तान्ह्याला पूर्ण आडवी होणारी बैठक हवीच. घडीच्या हलक्या गाडीचा आराखडा ब्रिटिश अभियंता ओवेन मॅक्लारेन याने १९६५ मध्ये केला.

भंडारा जिल्ह्यात वैनगंगेकाठी, धरणामुळे नाव झालेल्या गोसीखुर्दसारख्या गावी धाकटे कडेवर आणि थोरले बोट धरून, हीच खरी जोडगाडी. तरी घ्यायचीच झाली, तर मोठ्या, हवा भरायच्या चाकांची घ्यावी. मुरमाच्या वाटेवर प्लॅस्टिकची बारीक चाके अडकतात. चाकांना पक्का ब्रेक आणि प्रत्येक बैठकीला खांद्यावरून येणारे पट्टे असावेत. विदर्भातल्या उन्हाळ्यात सावलीसाठी गाडी कापडाने झाकू नये. आत हवा कोंडून तापते.