वाटेची मोजणी : कोसापासून अक्षांश-रेखांशापर्यंत

आळंदी ते पंढरपूर अंतर किती, असं दिंडीतल्या दहा जणांना विचारावं तर उत्तरं वेगवेगळी येतात. म्हातारी माणसं ऐंशी कोस म्हणतात, त्यांच्या खालची पिढी दीडशे-पावणेदोनशे मैल सांगते, आणि अलीकडची पोरं मोबाईल काढून किलोमीटर दाखवतात, तेही प्रत्येकाच्या मोबाईलवर निराळे. यातला कुणीच खोटं बोलत नाही. प्रत्येकाची मोजायची रीत वेगळी आहे, एवढंच. आपल्या दिंडीने गेल्या शंभर वर्षांत ही वाट कशी कशी मोजली, याची हकीकत या स्मरणिकेत यावी असं आम्हां संपादक मंडळींना वाटलं. कीर्तनकार, विणेकरी, अन्नदाते यांच्यावर इतर लेख आहेतच. वाट मात्र राहून जाते. पायाखाली असते ना, म्हणून.

दिंडीच्या सगळ्यात जुन्या वहीत अंतराचा आकडा फार क्वचित आहे. आहे ती मुक्कामांची नावं : सासवड, जेजुरी, वाल्हे, लोणंद, तरडगाव, फलटण, बरड, नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी. हैबतबाबा आरफळकरांनी घालून दिलेल्या सोहळ्याचे टप्पे हीच आपली पट्टी. दोन मुक्कामांमधलं अंतर कोसात लिहिलेलं सापडतं, पण कोस म्हणजे ढोबळमानाने दोन मैल. मुलखाप्रमाणे तो लहान-मोठा व्हायचा. चढणीचा कोस मोठा, असं जुनी माणसं म्हणायची, त्यात गणित नसलं तरी अनुभव होता. त्याहून खरी मोजणी अभंगांची होती. सकाळी भूपाळीपासून सुरू होणारा क्रम ठरलेला, चाल ठरलेली, त्यामुळे अमुक ओढ्यापासून तमुक विसाव्यापर्यंत किती अभंग होतात हे टाळकऱ्यांच्या पायांना ठाऊक असे. हरिपाठ संपायला आणि वेस दिसायला गाठ पडली म्हणजे दिंडी वेळेवर आहे.

मग मैलाचे दगड आले, म्हणजे ते होतेच, आपल्या वहीत उशिरा आले. स्वातंत्र्यानंतरच्या नोंदींत ‘अमक्या मैलाच्या दगडापुढे दोन फर्लांग’ अशी भाषा दिसू लागते. आठ फर्लांगांचा एक मैल, एक फर्लांग सुमारे २०१ मीटरचा. या दगडांमागे मोठा इतिहास आहे. भारतीय सर्वेक्षण खातं १७६७ सालचं. पुढे १८०२ मध्ये विल्यम लॅम्बटन याने मद्रासजवळ शंभर फुटी पोलादी साखळीने जमिनीवर एक सरळ रेषा मोजली आणि तिच्या आधाराने त्रिकोणामागून त्रिकोण रचत देश मोजायला घेतला. हा माणूस काम करता करता १८२३ साली आपल्या वर्धा जिल्ह्यात हिंगणघाटला वारला. त्याची कबर तिथेच आहे. वारीशी त्याचा संबंध नाही, पण मोजत मोजत वाटेतच देह ठेवणारा माणूस वारकऱ्याला परका वाटू नये.

१९५६ च्या कायद्याने दशमान पद्धत आली आणि हळूहळू मैलाचे दगड जाऊन किलोमीटरचे बसले. वहीतल्या जुन्या खुणा तिथून मुक्या होऊ लागल्या. त्यानंतरची काही वर्षं सामानाच्या ट्रकचा मीटर हेच आपलं माप होतं. ट्रक मुक्कामावर पुढे पोचला की चालक आकडा सांगायचा आणि भिशीचा हिशेब ठेवणारा तो लिहून घ्यायचा. पण ट्रक गर्दी चुकवून आडवाटेने जाई. म्हणजे वहीतला तो आकडा ट्रकचा आहे, आपल्या पायांचा नाही.

आता मोबाईल. आकाशातल्या उपग्रहांवरून ठिकाण सांगणारी अमेरिकेची जीपीएस व्यवस्था मुळात लष्करासाठी. सामान्यांच्या वापरात तिच्यात मुद्दाम चूक मिसळलेली असे. मे २००० मध्ये ती काढून टाकली, आणि तेव्हापासून उघड्या माळावर काही मीटरच्या आत आपली जागा कळू लागली. २००४ मध्ये लोकांनीच भरायचा ओपनस्ट्रीटमॅप सुरू झाला, २००५ मध्ये गूगल मॅप्स आणि गूगल अर्थ आले. आपल्या दिंडीतली तरुण मंडळी हे वापरतात, आणि आम्हीही स्मरणिकेसाठी त्यांना शेजारी बसवून सगळी वाट पुन्हा मोजली. त्यात जे उमगलं ते इथे सविस्तर सांगतो, कारण पुढच्या वर्षी व्यवस्था पाहणाऱ्यांना ते लागणार आहे.

पहिली गोष्ट गावाच्या नावाची. नुसतं ‘आळंदी’ लिहिलं की आळंदी देवाची येते, तशी हवेली तालुक्यातली आळंदी म्हातोबाचीही येऊ शकते. ‘वाखरी’ लिहिलं तर पंढरपूरजवळची आपली वाखरी येईल, नाहीतर दौंड तालुक्यातली. नावाबरोबर तालुका लिहावा, आणि त्याहून बरं म्हणजे नावावर विसंबूच नये, जागेचे अक्षांश-रेखांश घ्यावेत. मोबाईलवर नकाशात त्या जागी बोट दाबून धरलं की खूण पडते आणि दोन आकडे दिसतात. संगणकावर माऊसचं उजवं बटण. आधीचा आकडा अक्षांश, नंतरचा रेखांश. पंढरपूरचे ढोबळ आकडे १७.६८ आणि ७५.३३. ते उलटे टाकले तर पंढरपूर थेट नॉर्वेच्या उत्तरेच्या बर्फाळ समुद्रात जाऊन पडतं, म्हणून क्रम सांभाळावा. आपल्याकडे दशांश चिन्हानंतर दोन अंक म्हणजे सुमारे एक किलोमीटरची अचूकता, तीन अंक म्हणजे शंभर मीटर, पाच अंक म्हणजे साधारण एक मीटर. टँकर बोलवायला तीन अंक पुरत नाहीत. गर्दीत शंभर मीटर म्हणजे अर्धा तास. जुने सरकारी छापील नकाशे कुणाकडे असतील तर आणखी एक सांगायचं. ते पृथ्वीच्या आकाराचं जुनं, एव्हरेस्टच्या नावाचं गणित धरून काढलेले आहेत. त्यावरचे अंश जसेच्या तसे मोबाईलमध्ये टाकले तर खूण शंभरएक मीटर सरकते.

दुसरी गोष्ट अंतराची. आळंदीचे आकडे १८.६८ आणि ७३.९०. या दोन जागांमध्ये दोरी ताणली, म्हणजे पक्षी उडेल तसं मोजलं, तर सुमारे १८७ किलोमीटर भरतात. पालखीची वाट सर्वसाधारणपणे अडीचशे किलोमीटरच्या आसपास सांगतात. मधले साठएक किलोमीटर गेले कुठे? ते दिवेघाटाच्या वळणांत, खंडोबाच्या जेजुरीत, नीरेच्या स्नानात गेले. नकाशाला नुसतं ‘आळंदी ते पंढरपूर’ विचारलं तर तो बहुतेक वेळा सोलापूर महामार्गाने टेंभुर्णीकडून नेतो. त्याचंही बरोबर आहे. वाट शोधण्याची जी मूळ रीत हे नकाशे वापरतात ती एड्सगर डायक्स्ट्रा या डच संगणकशास्त्रज्ञाची. चौक म्हणजे गाठी, रस्ते म्हणजे दोऱ्या, आणि कमीत कमी दोरीत इकडून तिकडे कसं जायचं ते काढायचं. १९५६ मध्ये त्याने ती ॲमस्टरडॅमच्या एका कॉफीच्या दुकानात वीसएक मिनिटांत, कागद-पेन्सिल न घेता रचली असं तो सांगे. कमीत कमी वाट हा त्या रीतीचा जीव. आपल्याला कमीत कमी वाट नकोच आहे. म्हणून एकेक मुक्काम मध्ये थांबा म्हणून घालावा लागतो, आणि थांब्यांना मर्यादा असल्याने आम्ही वाटेचे दोन तुकडे केले : आळंदी ते फलटण, फलटण ते पंढरपूर.

तरीही निघालेला आकडा पालखीचा, आपला नव्हे. पालखीतळ ते पालखीतळ अंतर सगळीकडे छापलेलं असतं. आपली दिंडी मात्र पुण्यात उतरते एका पेठेत, सासवडला तळ पडतो गावाबाहेर. पुणे ते सासवड हा सुमारे ३२ किलोमीटरचा, वाटेतला सर्वांत लांबचा टप्पा. त्यात एकादशीचा उपास आणि घाटाची चढण. त्याला दोन्ही टोकांची आपली वाट जोडली की आमच्या मोजणीत तो पस्तिसाच्या पुढे जातो. संपूर्ण वारीत असे जादा किलोमीटर जोडत गेलो तर जवळपास एका मधल्या मुक्कामाएवढं चालणं निघालं, जे आजवर कोणत्याच कागदावर नव्हतं. दिंडीतल्या सत्तरी ओलांडलेल्या माय-माउली ते दरवर्षी चालत होत्या. पाय दुखतात म्हणाल्या की आम्ही वयाकडे बोट दाखवायचो. आता सासवड आणि फलटण या दोन ठिकाणी तळ रस्त्याजवळ मिळावा म्हणून बोलणी चालू आहेत.

वेळेचंही तसंच. नकाशा बत्तीस किलोमीटर पायी म्हटलं की सात तासांच्या आसपास सांगतो. तो एकट्या माणसाची चाल धरतो. सोहळा काही किलोमीटर लांब असतो, रथ विसाव्याला थांबला की मागच्या सगळ्या दिंड्या थांबतात, आणि पहाटे निघालेली माणसं तळावर दिवेलागणीला टेकतात. व्यवस्था पाहणाऱ्या पोरांनी मोबाईलमधली वेळ धरून चूल पेटवू नये, इतकंच सांगणं.

आता ज्या कामासाठी आम्हाला हे सारं शिकावं लागलं, ते. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी पालखी मार्गाच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. दिवेघाट ते मोहोळ हा आपल्या बाजूचा भाग सुमारे २२१ किलोमीटरचा. रस्ता रुंद झाला, चालायला जागा झाली, अपघाताची भीती कमी झाली, हे मान्य केलंच पाहिजे. पण चिंचा गेल्या, वडाचे पार गेले, काही विहिरी बुजल्या, आणि त्यांच्याबरोबर वहीतल्या खुणाही गेल्या. त्यातली एक खूण आपल्या दिंडीला फार जिव्हाळ्याची. नीरा ओलांडून लोणंदकडे जाताना एका जागी दिंडी क्षणभर थांबते, विणेकरी वाकून माती कपाळाला लावतात. आपल्या एका टाळकऱ्याने चालता चालता तिथे देह ठेवला होता. नव्या रस्त्यावर गेल्या दोन वाऱ्यांत यावरून वाद झाला. कुणी म्हणे इथे, कुणी म्हणे पुढे, आणि ज्यांनी चिंच पाहिली होती त्यांतली दोनच माणसं आता चालती आहेत.

वहीत नोंद होती : पुलापासून दीड मैल दोन फर्लांग, चिंचेखाली. म्हणजे साधारण २,८१६ मीटर. पूल जागेवर आहे, पण मोजायचं पुलाच्या कोणत्या टोकापासून ते वही सांगत नाही. नवा रस्ता सरळ झालेला, त्यावर मोजून उपयोग नव्हता. गूगल अर्थमध्ये जुन्या वर्षांची उपग्रह-छायाचित्रं पाहता येतात. रुंदीकरणाआधीचं छायाचित्र काढून पोरांनी जुन्या रस्त्यावर वळणावळणाला टिंब देत मोजपट्टी सरकवली, एकदा पुलाच्या अलीकडच्या टोकापासून, एकदा पलीकडच्या. दोन जागा निघाल्या. त्यांच्या मधल्या पट्ट्यात, जुन्या रस्त्याच्या डाव्या कडेला, झाडाचा एक गोल गर्द ठिपका दिसत होता. दुसरं मोठं झाड जवळपास नव्हतं. त्या दोन म्हाताऱ्या माणसांना पडद्यासमोर बसवलं. एक जण म्हणाले, हीच. दुसरे म्हणाले, चिंच होती खरी, पण ओढा हिच्या अलीकडे होता का पलीकडे ते आठवत नाही. छायाचित्रात ओढा पलीकडे आहे. आम्ही ती जागा धरली आहे, आणि वहीत ‘बहुतेक हीच’ असं लिहिलं आहे, ‘हीच’ असं नाही. आज ती गाड्यांच्या पट्ट्याखाली येते, त्यामुळे यंदा विणेकरी कडेलाच वाकतील.

अशा एकूण सगळ्या जागांचे आकडे पाच-पाच दशांशांपर्यंत घेऊन वहीत उतरवले आहेत. या स्मरणिकेच्या शेवटी जो तक्ता आहे त्यात मात्र सगळे दिलेले नाहीत. पालखीतळ, घाट, पूल, देवळं, सार्वजनिक विहिरी दिल्या आहेत. ज्या शेतकरी कुटुंबांच्या अंगणात आपली पंगत तीन-तीन पिढ्या बसते, त्यांच्या घरांच्या खुणा छापलेल्या नाहीत आणि नकाशावरही कुणी टाकू नयेत. एका मंडळींच्या घरावर कुणीतरी हौसेने ‘मोफत महाप्रसाद’ अशी खूण लावली आणि वर्षभर अवेळी माणसं दारात येऊ लागली. त्यांनी आपल्याला बोल लावला नाही, पण यंदा विचारताना आमची मान खाली होती. ते आकडे व्यवस्थेच्या वहीत राहतील, मागितले तर चोपदारांना आणि टँकरवाल्याला मिळतील.

एक शेवटची सूचना व्यवस्थेच्या मंडळींना. सोहळ्याच्या गर्दीत मोबाईलला रेंज राहत नाही, तेव्हा वाटेचा नकाशा निघण्याआधीच उतरवून घ्यावा, म्हणजे रेंजशिवाय चालतो. बॅटरी मात्र त्याने संपतेच. म्हणून आकड्यांची एक प्रत ठळक अक्षरात कागदावर काढली आहे, प्लास्टिकच्या पिशवीत घातली आहे, आणि ती पखवाजाच्या गवसणीत ठेवायची ठरली आहे. पावसात दुसरं काही भिजलं तरी पखवाज कुणी भिजू देत नाही.