चाकाची धांव

श्रोतेहो, आज मी आपणांशीं एका अगदीं साध्या वस्तूविषयीं बोलणार आहें. ही वस्तु आपण रोज पाहतां, तिच्या आधारानें कामावर जातां, आणि ती फुटली म्हणजेच तिची आठवण काढतां. बैलगाडीच्या भाषेंत तिला चाकाची धांव म्हणत, आजच्या भाषेंत टायर म्हणतात.

विषय सुचला तो एका घरगुती प्रसंगावरून. डोंबिवलीस माझा एक पुतण्या राहतो. त्याला मोटारसायकलवरून लांबच्या प्रवासाचा नाद आहे. सुटी आली कीं कल्याणहून मुरबाडच्या रस्त्यानें माळशेज घाट चढावयाचा, नाहीं तर ठाण्याहून शहापूरमार्गें कसारा गांठावयाचा, हा त्याचा नेम. एकदां त्याच्या वजनदार गाडीचा मागचा टायर झिजून गोटा झाला. तो मला म्हणाला, "काका, अमेरिकेंत लांबच्या प्रवासाला निघणारे कित्येक लोक मागच्या चाकाला सरळ मोटारीचा टायर चढवितात. तो दुपटीतिपटीनें टिकतो, आणि स्वस्तही पडतो. रिमचें मापही जुळतें. मग मीं तो कां बसवूं नये, तुम्हीच सांगा."

प्रश्न सरळ होता. कारण सांगितल्यावांचून नुसतें 'नको' म्हणणें मला रुचेना, आणि तें त्याला पटलेंही नसतें. तेव्हां त्याला जो इतिहास मीं सांगितला तोच आज आपणांपुढें ठेवितों.

बैलगाडीचें चाक लांकडाचें. त्याच्या घेराभोंवतीं लोखंडाची जी पट्टी असते ती धांव. लोहार ही पट्टी घेरापेक्षां किंचित् आंखूड ठेवतो, विस्तवांत तापवून वाढवितो, तशीच चाकावर चढवितो आणि वरून पाणी ओततो. लोखंड आकसतें, आरे आवळले जातात, आणि चाक एकजीव होतें. चाक आवळून धरावें आणि रस्त्याशीं घासून स्वतः झिजावें, एवढेंच धांवेचें काम. धक्का सोसणें हें तिचें काम नव्हतें. तो गाडींत बसणाऱ्यानें सोसावयाचा.

१६ एप्रिल १८५३ रोजीं बोरीबंदराहून ठाण्यास जी पहिली आगगाडी आली, तिचींही चाकें लोखंडावरच धांवत होतीं. पुढच्या वर्षीं, १ मे १८५४ रोजीं, ती गाडी कल्याणपर्यंत जाऊं लागली. आगगाडीनें धक्क्याचा प्रश्न रस्ताच बदलून सोडविला; तिनें आपल्यापुरता गुळगुळीत रूळ अंथरला. साध्या रस्त्यावरील वाहनाला ती सोय नव्हती. आपल्या भागांत तर वाट पुढें सह्याद्रि चढणारी. सातवाहनांच्या काळीं कल्याण बंदराचा माल नाणेघाटानें जुन्नरकडे जाई तो जनावरांच्या पाठीवरून. त्या पायऱ्यांच्या वाटेवर चाकाला थारा नव्हता. बोरघाटांत गाडीरस्ता झाला तो १८३० सालीं. घाट हा चाकाचा खरा परीक्षक आहे, हें येथें ध्यानांत ठेवावें.

आतां रबराकडे वळूं. कच्चें रबर उन्हाळ्यांत चिकट होतें आणि थंडींत ठिसूळ. गंधक मिसळून तापविलें असतां त्याचा हा दोष जातो, असें १८३९ सालीं अमेरिकेंतील चार्ल्स गुडइयर यास आढळून आलें. १८४५ सालीं रॉबर्ट विल्यम थॉमसन या स्कॉच एंजिनियरानें हवा भरलेल्या टायरचें पेटंट घेतलें. त्याच्या टायरांत आंत रबर लावलेल्या कापडाची नळी होती, आणि बाहेर चामड्याचें वेष्टण होतें. पण त्या काळीं रस्त्यावर वेगानें जाणारें हलकें वाहनच नव्हतें, म्हणून शोध विस्मरणांत गेला. पुढें १८८८ सालीं बेलफास्ट येथील जनावरांचे डॉक्टर जॉन बॉइड डनलॉप यांनीं आपल्या मुलाच्या तीनचाकी सायकलीसाठीं तोच शोध स्वतंत्रपणें पुन्हां लावला. दोन वर्षांनीं थॉमसनचें जुनें पेटंट उजेडांत आलें आणि डनलॉपचें पेटंट रद्द ठरलें. नांव मात्र डनलॉपचेंच राहिलें.

म्हणजे हवेचा टायर जन्मला तो सायकलीच्या घरीं. मोटारीनें तो सायकलीकडून उसना घेतला. फ्रान्समधील मिशेलिन बंधूंनीं १८९१ सालीं सहज काढतां-घालतां येणारा सायकलीचा टायर केला, आणि १८९५ च्या पॅरिस-बोर्दो-पॅरिस शर्यतींत हवेचे टायर मोटारीला लावून दाखविले. वाटेंत पंक्चरांनीं त्यांना हैराण केलें, गाडी ठरलेल्या मुदतींत पोहोंचली नाहीं. तथापि मोटारीला हवेवर धांवतां येतें हें जगाला दिसलें.

मोटारसायकलची कथा याच सुमाराची. १८८५ सालीं जर्मनींत गोटलीब डाइमलर यानें एंजिन बसविलेली जी दुचाकी केली, तिला लांकडी चाकें आणि लोखंडी धांव होती. शिवाय ती पडूं नये म्हणून दोन्ही बाजूंस एकेक लहान चाक होतें. त्यामुळें कलावें कसें हें त्या गाडीला ठाऊकच नव्हतें. १८९४ सालीं हिल्डेब्रांड आणि वोल्फम्यूलर यांची मोटारसायकल विक्रीस आली. तिला हवेचे टायर होते, आणि बाजूचीं चाकें गेलीं होतीं. वळण आलें कीं स्वार आणि गाडी दोघांनींही त्या बाजूस कलावयाचें, हा दुचाकीचा धर्म तेथून पुढें कायम झाला.

आरंभीं दोन्ही टायरांची घडण एकच होती. कापडाचे थर एकमेकांवर तिरपे टाकून ते रबरांत बसवीत, आणि टायर आडवा कापला तर छेद जवळजवळ वाटोळा दिसे. मापेंही जुळत. इंग्लंडांत १९२२ सालीं निघालेल्या ऑस्टिन सेव्हन या लहान मोटारीच्या पुष्कळ गाड्यांना १९ इंची रिमवर साडेतीन इंची टायर असे; आणि पुढें मद्रासेस बनलेल्या ५०० सी.सी.च्या बुलेट मोटारसायकलला मागील चाकास हेंच माप आलें. त्या जुन्या काळीं कोणी एकीचा टायर दुसरीला चढविला असता तर फारसें बिघडलें नसतें. भाऊ अद्याप वेगळे निघाले नव्हते.

वेगळे निघाले ते नंतर. मोटार वाढली, जड झाली, तिचा वेग वाढला. चारचाकी वळणावर उभीच राहते. तिला रस्त्यावर रुंद, सपाट पाऊल टेकावयास हवें. मिशेलिन कंपनीनें १९४६ सालीं ज्याचें पेटंट घेतलें आणि १९४९ सालीं जो बाजारांत आणला, त्या रेडियल टायरानें ही गरज पुरविली. त्यांत कापडाचे धागे एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सरळ आडवे जातात, आणि तळव्याखालीं पोलादी तारांचा पट्टा असतो. बाजू लवचिक राहतात, पण तळवा सपाट राहतो. पुढें मोटारीचा टायर अधिकाधिक रुंद आणि बुटका होत गेला. मोटारसायकललाही १९८० नंतरच्या दशकांत रेडियल मिळाला. पण तिनें आपली गोलाई सोडली नाहीं, कारण तिला तळव्याच्या मध्यापासून कडेपर्यंत सर्व ठिकाणीं पाऊल टेकावें लागतें.

ठाण्याच्या वाटेवर हीं दोन्ही घराणीं शेजारीं नांदलेलीं आहेत. मुंबईहून ठाण्यास येणाऱ्या जुन्या आग्रा रस्त्यावर भांडुप लागतें. तेथें लॅम्ब्रेटा स्कूटर करणाऱ्या ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडियाचा कारखाना होता, आणि १९५८ सालीं स्थापन झालेल्या सिएट कंपनीनें टायरचा कारखानाही तेथेंच काढला. पुढें डोंबिवलीच्या बाजूस प्रीमिअरच्या कारखान्यांत १९९० नंतरच्या दशकांत प्यूजो मोटार तयार झाली. स्कूटरनेंही मोटारीकडून उसनें घेतलें आहे. १९४६ सालीं इटलींत निघालेल्या व्हेस्पानें पत्र्याचें चाक, पुढचें मागें बसविण्याची सोय आणि जादा चाक या गोष्टी मोटारीसारख्या ठेविल्या. टायर मात्र गोलच ठेविला. उसनें काय घ्यावें आणि काय घेऊं नये, हें त्या कारागिरांना कळलें होतें.

टंचाईच्या काळीं उसनवारीचा मोह वाढतो. १९४२ सालीं जपाननें मलाया आणि डच ईस्ट इंडीज घेतल्यावर जगाच्या रबराचा फार मोठा भाग दोस्त राष्ट्रांच्या हातून गेला. अमेरिकेसारख्या संपन्न देशानें टायर वांचविण्यासाठीं मोटारींचा वेग ताशीं ३५ मैलांवर आणला. झिजलेल्या टायरवर नवा थर चढविणें आणि एका वाहनाचा टायर दुसऱ्याला लावणें, या काटकसरी युक्त्यांना अशा दिवसांत मान मिळतो. आपल्याकडे उंसाच्या बैलगाड्यांना मोटारीचे टायर आले, आणि त्या गाडीला खेड्यांतून 'डनलॉप' हेंच नांव पडलें. बैलांचे कष्ट त्यानें हलके केले. ही उसनवारी यशस्वी झाली, कारण बैलगाडी वळणावर कलत नाहीं.

हाच न्याय अन्यत्र लागू पडतो. मोटारसायकलला बाजूची डबी, म्हणजे साइडकार, जोडली कीं ती कलावयाची थांबते. मग तिचा गोल टायर मध्येंच झिजून सपाट होतो. म्हणून युरोपांतील साइडकारवाले सिट्रोएन टू-सीव्ही या मोटारीचा अरुंद १५ इंची टायर लावीत, आणि तो शोभे. दिल्लींत लष्कराच्या जुन्या हार्ले मोटारसायकलींना मागें प्रवाशांची बैठक आणि दोन चाकें जोडून 'फटफटी' केल्या होत्या. १९९८ सालीं त्या बंद झाल्या. सौराष्ट्रांत बुलेटचें तोंड आणि मागें दोन चाकें अशी छकडा गाडी झाली. कल्याण स्टेशनाबाहेरची रिक्षाही याच कुळांतली. तिला हँडल स्कूटरचें आहे, पण चाकें तीन. म्हणून ती वळणावर कलत नाहीं. वेग आवरला नाहीं तर उलटते. अशा सर्व गाड्यांना सपाट तळवा चालतो.

आतां माझ्या पुतण्याच्या दुचाकीकडे येऊं. ताशीं ४० किलोमीटर वेगानें ३० मीटर त्रिज्येचें वळण घ्यावयाचें तर दुचाकीला सुमारें २३ अंश कलावें लागतें. हें गणित कोणत्याही टायरला चुकत नाहीं. गोल टायर कलला म्हणजे त्याचा कडेकडील भाग जमिनीला लागतो, आणि तेवढ्याच विश्वासानें रस्ता धरतो. सपाट टायर कलला म्हणजे तो आपल्या खांद्यावर उभा राहतो. जमिनीला टेकणारी जागा एकदम बाजूला सरकते, ती गाडीला पुन्हां उभी करूं पाहते, आणि वळण संपेपर्यंत हँडलवर सतत जोर देऊन तिला कललेली ठेवावी लागते. सरळ महामार्गावर हें जाणवत नाहीं. माळशेजांत श्रावणाचा पाऊस आहे, धुकें आहे, कड्यावरून पाणी रस्त्यावर येत आहे, आणि वळणाच्या मध्यावर समोरून ट्रक आला, तर स्वाराला गाडी क्षणांत आणखी कलवावी लागते. त्या क्षणीं टायरानें हट्ट धरला तर एका बाजूस दरी आणि दुसऱ्या बाजूस ट्रक असतो.

रिमचें माप जुळतें, हा युक्तिवादही पुरा खरा नाहीं. इंच तेच असले तरी टायरची कड जेथें बसते त्या खोबणीची घडण दोन्हींकडे तंतोतंत सारखी नसते. कड चुकीची बसली तर हवेच्या दाबाखालीं किंवा वळणावर ती दगा देऊं शकते. म्हणूनच टायर करणारे अशा जोडणीस संमति देत नाहींत. आपल्या देशांतील १९८८ चा मोटार वाहन कायदाही, नोंदणीच्या तपशिलाशीं विसंगत ठरेल असा बदल वाहनांत करूं नये, असें ५२ व्या कलमांत सांगतो.

तरीही या पंथाच्या लोकांना मूर्ख म्हणून सोडून देणें न्यायाचें होणार नाहीं. अमेरिकेंत २००१ पासून निघालेल्या होंडा गोल्डविंगसारख्या भारी गाड्यांना मागें १६ इंची टायर आहे, आणि त्या मापाचे मोटारीचे टायर सहज मिळतात. असे टायर लावून हजारों मैल सुखरूप गेल्याचें पुष्कळ स्वार सांगतात. या प्रकाराला त्यांनीं गमतीनें 'काळी बाजू' असें नांव दिलें आहे. त्यांचे रस्ते दिवसच्या दिवस सरळ जाणारे. अशा रस्त्यावर गोल टायर मध्येंच घासून चपटा होतो, दोन्ही बाजूंचें चांगलें रबर तसेंच राहतें, आणि महाग टायर टाकून द्यावा लागतो, ही त्यांची तक्रार खरी आहे. टायर करणारांनींही ती ऐकली आहे. मध्यें कठीण आणि कडांना मऊ, असें दोन जातींचें रबर एकाच टायरांत बसवून त्यांनीं प्रवासी गाड्यांसाठीं टायर काढले आहेत. तक्रारीचें उत्तर या दिशेनें शोधणें शहाणपणाचें.

पुतण्यानें काय केलें, असें आपण विचाराल. त्यानें मोटारसायकलचाच टायर घेतला. पैसे मोजतांना कुरकुर केली, आणि ती रास्त होती. पण पुढच्या पावसाळ्यांत माळशेज उतरून आल्यावर तो म्हणाला, "काका, एका वळणावर वाळू होती. गाडी आयत्या वेळीं आणखी कलवावी लागली, आणि ती कलली." एवढेंच तो बोलला. मीही पुढें कांहीं विचारलें नाहीं.

श्रोतेहो, जुना लोहार धांव चढविण्यापूर्वीं चाकाचा घेर दोरीनें मोजून घेई. आपणही टायर घेतांना इंच पाहावे, किंमत पाहावी. आणि सर्वांत आधीं आपली गाडी वळणावर उभी राहते कीं कलते, हें पाहावें.